गडग्यावरची पायरी आणि अडतीस पत्रं

मित्रांनो, मी एक जुनी पायरी आहे. पायरी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे देऊळ येईल, नाहीतर नदीचा घाट. मी तसली मानाची पायरी नाही. थॉर्नबेक गावाच्या वर मेंढ्यांची कुरणं सुरू होतात, तिथल्या दगडी गडग्यात मी उभी आहे. दोन खांब, दोन आडव्या फळ्या आणि हाताने धरायला एक दांडा, एवढाच माझा जीव. माणसाला गडगा ओलांडता यावा आणि मेंढीला येऊ नये, यासाठी मला बनवलं. क्वचित एखादा पाहुणा पाठीवरच्या भल्यामोठ्या बोचक्यासकट माझ्यात अडकतो आणि वर मलाच दोष देतो. मी ऐकून घेते.

मला एमॉस गार्थ नावाच्या मेंढपाळाने घडवलं. त्याचा बाप महाखाष्ट होता. कुणी त्याच्या रानात पाऊल टाकलं की तो काठी घेऊन मागे धावायचा. धबधबा बघायचाय ना, मग चार मैलांच्या डांबरी रस्त्याने जा, असं त्याचं म्हणणं. तो वारला त्याच हिवाळ्यात वादळाने बांधावरचं ओकचं एक झाड आडवं झालं. एमॉस तेव्हा तिशीतला, एकटा जीव. माणसांशी कमी आणि आपल्या कुत्रीशी जास्त बोलायचा. "लोक येणारच," तो कुत्रीला म्हणाला. "गडग्यावर चढणार, दगड पाडणार. मग मी काय जन्मभर दगड रचत बसू?" आणि त्याने करवत काढली.

चार दिवस तो माझ्यावर काम करत होता. रंधा मारला, पटाशीने खाचा पाडल्या, एकही खिळा न वापरता लाकडी खुंट्यांनी मला जोडलं. शेवटी माझ्यावरून एकदा पलीकडे गेला, एकदा अलीकडे आला, मान हलवली आणि जेवायला निघून गेला. आमच्या भागात यापेक्षा जास्त कौतुक कुणी कुणाचं करत नाही, म्हणून मी त्यावरच खूश झाले.

मग माणसं येऊ लागली. आधी गावची, मग शहरातून बसने येणारी. मला ओलांडलं की वाट कुरणातून पडक्या प्रार्थनाघराकडे जाते, तिथून ओढ्याच्या काठाने 'म्हातारी मेग' नावाच्या धबधब्यापाशी. धबधब्याखाली खोल, काळंभोर पाण्याचा डोह आहे. दमसास असेल तो पुढे क्रोफेलच्या माथ्यावर चढतो आणि तिथल्या दगडांच्या राशीत आपला एक दगड टाकून येतो. उन्हाळ्यात पोरं पतंग घेऊन जायची, बर्फ पडला की लाकडी घसरगाड्या माझ्यावरून ओढून न्यायची. पक्षी बघणारे तासन् तास माझ्यावर बसून राहायचे आणि आपला डबा मांडीवर उघडून, भर पावसात, "आता उघडेल" असं एकमेकांना सांगत अंड्याची सँडविचं खायचे. उघडायचं नाही. तरी पुढच्या आठवड्यात ते पुन्हा हजर.

या सगळ्यांच्या पुढे असायच्या ॲग्नेस मेटकाफ. गावच्या शाळेतल्या बाई. उंच, काटक, आवाज असा की टेकडीपलीकडची मेंढीही मान वर करेल. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या पाहुण्यांना घेऊन निघायच्या. कुठे वाकायचं, कुठे थांबायचं, कुठल्या दगडावर पाय द्यायचा नाही, सगळं त्यांना पाठ. रोज सकाळी मात्र त्या एकट्या यायच्या, टॉवेल खांद्यावर टाकून. डोहात पोहायला. नोव्हेंबरमध्येसुद्धा.

"या थंडीत न्यूमोनिया झाला तर तुझ्या पोरांना कळवायला मी यायचा नाही," नॉर्मन म्हणायचा. नॉर्मन गावचा पोस्टमन. बाईंच्याच वयाचा आणि बाईंना एकेरीत हाक मारणारा गावातला एकटाच.

"तू नको येऊस. तू आणलेलं पत्र पोचेपर्यंत मी बरीसुद्धा होईन," बाई म्हणायच्या आणि ओल्या केसांनी गावाकडे उतरायच्या.

आता पत्रांचं सांगते, कारण माझं पुढचं सगळं आयुष्य त्या पत्रांनीच वाकवलं.

माझ्यावरून लोक जायला लागले त्या पहिल्याच वर्षी ॲग्नेसबाईंना चैन पडेना. दुसऱ्याच्या रानातून जायचं आणि विचारायचं नाही, हे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. शाळेत त्या पोरांना पाणी प्यायला जातानाही 'जाऊ का?' विचारायला लावायच्या. म्हणून डिसेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांनी गावच्या चहाच्या दुकानात सगळ्यांना जमवलं आणि एमॉसला पत्र लिहिलं. पुढच्या वर्षीही तुमच्या रानातून चालू द्याल का, असं त्यात विचारलं. खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या, सोबत सुकामेव्याचा एक केक बांधला आणि दोन्ही स्वतः नेऊन दिलं. एमॉसला एवढी माणसं आपल्याला पत्र लिहितात याचाच संकोच झाला. त्याने पत्राच्या खाली पेन्सिलीने एकच शब्द लिहिला, 'चाला', आणि ते बाईंना दाखवून आपल्या बिस्किटांच्या डब्यात ठेवलं. त्या दिवसापासून तो गावचा रिवाजच झाला. दर डिसेंबरात पत्र, केक, 'चाला'. अशी अडतीस वर्षं गेली. ज्या पोरांनी पहिल्या पत्रावर वाकड्यातिकड्या सह्या केल्या होत्या, त्यांची पोरंही सह्या करू लागली.

मग एमॉस गेला. त्याच्या अंत्ययात्रेला जाताना अख्खा गाव माझ्यावरून गेला. जवळची वाट तीच होती. त्या दिवशी मला एवढ्या माणसांचं वजन पेलल्याचा अभिमान वाटला आणि माझा घडवणारा आता कधी माझ्यावर टेकणार नाही, याचं फार वाईटही वाटलं.

एमॉसच्या भाच्याने घरासकट रान विकलं. घेणाऱ्याचं नाव डेस्मंड फॅरो. चाळिशीचा, शहरात दिवसभर खुर्चीत बसून कंटाळलेला, पुस्तकं वाचून मेंढ्या पाळायला निघालेला. माणूस वाईट नव्हता. त्याचं दुःख मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून सांगते. पहिली तीन वर्षं त्याने कुणाला अडवलं नाही; पत्राचा रिवाज मात्र एमॉसबरोबरच संपला होता. चौथ्या वर्षी मार्चमध्ये एका पाहुण्याचं मोकळं कुत्रं गाभण मेंढ्यांच्या मागे लागलं. कुत्र्याचा मालक माझ्यावर उभा राहून, "तो फक्त खेळतोय हो," असं ओरडत होता. त्या आठवड्यात फॅरोची नऊ कोकरं जन्मायच्या आधीच गेली. तो एकेक पिशवीत घालून नेत होता आणि वाटेत माझ्यापाशी थांबून त्याने तोंड पुसलं.

दुसऱ्या दिवशी त्याने माझ्याभोवती काटेरी तार गुंडाळली. वर पाटी ठोकली: खाजगी. वाट नाही.

गाव खवळलं. आमच्याकडे लोकांना घरावरचा कर वाढवलेला चालतो, वाट अडवलेली चालत नाही. आणि कायदाही त्यांच्या बाजूने आहे असं त्यांना वाटलं. कायदा असा: एखाद्या वाटेने लोक वीस वर्षं उघडपणे, दांडगाई न करता, कुणाची परवानगी न घेता, आपलीच वाट असल्यासारखे चालले, तर ती कायमची लोकांची होते. मालक बदलला तरी तिला हात लावता येत नाही. ॲग्नेसबाईंनी एकेचाळीस जणांकडून अर्ज भरून घेतले. अर्जात एक प्रश्न होता: या वाटेसाठी कुणाची परवानगी घेतली होती का? एकेचाळीस जणांनी लिहिलं, 'नाही'. बाईंनीही तेच लिहिलं. कुणी खोटं बोलत नव्हतं. डिसेंबरातलं पत्र त्यांच्या लेखी परवानगी नव्हतीच. ती साधी रीतभात होती. दार उघडून धरणाऱ्याला आपण आभार म्हणतो, तितकीच.

जूनमध्ये जिल्ह्याच्या कचेरीतून वाटांच्या वादांचा निकाल देणाऱ्या अधिकारी आल्या, पेट्रा हॉलम. पायात चिखलाचे बूट, काखेत जाडजूड फाईल. त्यांनी फॅरोला तार सोडवायला लावली, मला हात लावून पाहिलं, माझी झिजलेली फळी मोजली. फळीच्या मधोमध पावलांनी खळगा पडला आहे. तो बघून त्या म्हणाल्या, "बरीच माणसं गेलेली दिसतात." गावातली दहाबारा मंडळी अलीकडे उभी होती. त्यांचे चेहरे खुलले.

तेवढ्यात फॅरो पलीकडून पुढे आला. त्याच्या हातात एक बिस्किटांचा डबा होता.

"हा स्वयंपाकघरातल्या फळीवर होता," तो म्हणाला. त्याची नजर जमिनीवर. "माझे वकील म्हणाले, दाखवायलाच हवा."

हॉलमबाईंनी एक पत्र उघडलं आणि मोठ्याने वाचलं. "प्रिय एमॉस, सगळ्या गावातर्फे आणि आमच्या पाहुण्यांतर्फे नम्र विनंती, की येत्या वर्षीही आपण आम्हाला आपल्या रानातून चालू द्यावं." मग त्यांनी दुसरं काढलं, तिसरं काढलं. प्रत्येकाखाली सह्या. प्रत्येकाखाली पेन्सिलीने, 'चाला'.

पहिल्यांदा बाईंच्या लक्षात आलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. रंग उतरत गेला आणि त्यांनी माझा दांडा घट्ट धरला.

"अहो, ते नाताळचं शुभेच्छापत्र आहे," नॉर्मन म्हणाला. "हे बघा, त्यावर माझ्या कुत्र्याच्या पंजाचा ठसासुद्धा आहे. कायद्यात कुत्र्याची सही चालते का?"

"कुत्र्याची नाही चालत," हॉलमबाई म्हणाल्या. "पण शेजारी तुमची आहे. ती चालते."

त्यांनी पत्रं जागच्या जागी घडी घालून ठेवली. मग त्या ॲग्नेसबाईंकडे वळल्या. आवाज मऊ होता. मला वाटतं, त्यांनाही हे विचारायचं नव्हतं.

"मिसेस मेटकाफ, मला एकच सांगा. एखाद्या वर्षी एमॉस गार्थनी 'चाला'ऐवजी 'नाही' लिहिलं असतं, तर तुम्ही काय केलं असतंत?"

नॉर्मन खाकरला. मग आणखी जोरात खाकरला. बाईंना फक्त एवढंच म्हणायचं होतं की आम्ही तरीही गेलो असतो, वाट आमची होती, पत्र म्हणजे नुसता उपचार. एक वाक्य. त्या एका वाक्यावर माझं आयुष्य, डोह, धबधबा, माथ्यावरची दगडांची रास आणि त्यांची रोजची सकाळ टांगलेली होती. मी लाकूड आहे, मला बोलता येत नाही. येत असतं तर मीच खोटं बोलले असते.

"तर आम्ही गेलो नसतो," बाई म्हणाल्या.

हॉलमबाईंनी ते लिहून घेतलं. सगळे गावाकडे परतत असताना मला नॉर्मनचा आवाज ऐकू आला. "अगं, 'सांगता येत नाही' म्हणायचं होतंस नुसतं."

"मला सांगता येत होतं, नॉर्मन."

सहा आठवड्यांनी निकाल आला. लोक अडतीस वर्षं मालकाच्या परवानगीने चालले, सबब ही लोकांची वाट नाही. फॅरोने तार पुन्हा गुंडाळली.

मित्रांनो, त्यानंतरचं वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट. माझ्या पायाशी खाजकोलतीची झुडपं माजली. फळ्यांवर शेवाळ चढलं. खालची फळी एका टोकाने कुजायला लागली आणि पाणी आत मुरू लागलं. माणसाचं वजन पडत होतं तोवर मी कधी कुजले नव्हते. पण माझ्यापेक्षा बाईंचे हाल जास्त होते. गावात त्यांना कुणी तोंडावर काही बोललं नाही. आमच्याकडे बोलत नाहीत. फक्त त्या चहाच्या दुकानात शिरल्या की बोलणं हवापाण्यावर यायचं. रविवारच्या फेऱ्या बंद पडल्या. नॉर्मन त्यांना रस्त्यात दिसला की त्याला नेमकं आपल्या बुटाची नाडी बांधायचं आठवायचं. डांबरी रस्त्याने डोहाकडे जायचा प्रयत्न बाईंनी एकदा केला. दुधाच्या टँकरने त्यांना झुडपात ढकललं. त्यानंतर त्यांनी पोहणं सोडलं.

तरी रोज सकाळी त्या माझ्यापर्यंत यायच्या. तारेच्या अलीकडे उभ्या राहायच्या. ऐन उन्हाळ्यातही ओढा माझ्यापर्यंत ऐकू येतो. तो थोडा वेळ ऐकायच्या आणि परत फिरायच्या. हात कधी तारेच्या आत घातला नाही. नाही म्हणजे नाही.

एप्रिल आला. मेंढ्यांच्या पोटात कोकरं, अंगावर वर्षभराची लोकर. अशा दिवसांत एखादी मेंढी खळग्यात लोळायला गेली की उताणी पडते आणि तिला स्वतःहून उठता येत नाही. चार पाय आभाळाकडे करून पडून राहते, पोटात वायू धरतो आणि दोनतीन तासांत खेळ आटोपतो. त्या सकाळी माझ्यापासून शंभर पावलांवर अशी एक मेंढी पडली होती. मी पहाटेपासून तिच्याकडे बघत होते. आधी जोरात पाय झाडत होती, मग हळू. दोन कावळे टुणटुण उड्या मारत तिच्या डोक्याकडे सरकत होते.

बाई आल्या. त्यांनी मेंढी पाहिली. तोंडाशी हात धरून फॅरोच्या घराकडे हाक मारली. वारा उलटा होता. पुन्हा मारली. त्या दरीत फोन असून नसल्यासारखा, त्याला सिग्नलची एक काडीही येत नाही. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, घराकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं. "कुणी आहे का?" त्यांनी विचारलं. हळू आवाजात, मलाच विचारल्यासारखं. त्यांना विचारायला एक माणूस हवा होता आणि माणूस नव्हता.

मग त्यांनी अंगातला कोट काढला, त्याची घडी करून काटेरी तारेवर टाकली आणि माझ्यावर पाय दिला.

खालची कुजकी फळी त्यांच्या पायाखाली कडाडली. मी होती नव्हती तेवढी ताकद लावून ती धरून ठेवली. अर्धी तुटली, अर्धी राहिली. ऐंशीला टेकलेली ती बाई कोट फाडून घेऊन पलीकडे उतरली आणि चक्क धावली. लोकरीत दोन्ही मुठी रुतवून तिने ओढलं. एकदा जमलं नाही, दोनदा जमलं नाही. तिसऱ्या वेळी मेंढी कलली आणि उभी राहिली. तिचे पाय लटपटत होते म्हणून बाईंनी तिला दोन गुडघ्यांत धरून ठेवलं, तोल येईपर्यंत. "उभी राहा, बयो," त्या तिला म्हणत होत्या. "घाई नाही. उभी राहा."

हे बाईंना दिसलं नाही, पण मला दिसलं: फॅरो वरच्या उतारावरून धावत येत होता. मध्येच थांबला. ॲशच्या झाडामागे उभा राहिला आणि बाई परत माझ्यावरून गावाकडे उतरेपर्यंत तिथून हलला नाही.

दुसऱ्या दिवशी तो सकाळीच माझ्यापाशी आला. एका हातात तार कापायची पकड, दुसऱ्या हातात तो डबा. पकड बाजूला ठेवून माझ्या वरच्या फळीवर बसला आणि पत्रं वाचायला लागला. वकिलाला दाखवताना त्याने पहिली ओळ आणि शेवटचा शब्द एवढंच पाहिलं असावं. मधलं तो आता वाचत होता. बाई दर वर्षी मधल्या मजकुरात सालाचा सगळा वृत्तान्त द्यायच्या. यंदा तुमच्या तीन मेंढ्या उताण्या सापडल्या, उभ्या केल्या. वरच्या गडग्याचे पडलेले दगड परत रचले. ओढ्याकडचं फाटक दोनदा उघडं होतं, लावलं. जाळीत अडकलेलं कोकरू सोडवून आईपाशी नेलं. अडतीस वर्षांचं असं सगळं. थर्मासमधून ओतलेला त्याचा चहा तसाच गार झाला.

बाई नेहमीच्या वेळी आल्या. फॅरो उठून उभा राहिला.

"मिसेस मेटकाफ, काल मी बघितलं. मला म्हणायचं होतं की तुम्ही खुशाल..."

"थांबा," बाई म्हणाल्या. शाळेतला आवाज. फॅरो थांबला. "पुढचा शब्द बोलू नका."

"पण मी तुम्हाला..."

"तुम्ही 'खुशाल जा' म्हणालात की ती परवानगी झाली. तुम्ही आहात तोवर आम्ही चालू. उद्या तुम्ही विकून गेलात आणि नव्या मालकाने तार गुंडाळली, की आमची पोरं पुन्हा इथेच उभी. अडतीस वर्षं मी माझ्या हाताने हेच करून ठेवलंय. एमॉसला विचारलं नसतं तर आज ही वाट गावाची असती."

"मग मी काय करू?"

"काही करू नका. हो म्हणू नका, नाही म्हणू नका. आम्ही आपले चालू. वीस वर्षं."

फॅरोने त्यांच्याकडे पाहिलं. "वीस वर्षं म्हणजे तुम्ही..."

"मी एकोणऐंशीची आहे, मला बेरीज येते. ती वर्षं मला नकोत, वाटेला हवीत." बाईंनी फाटक्या कोटाची बाही सारखी केली. "आणि कुत्री दोरीला बांधलेली असतील. हे मी तुम्हाला सांगत नाही. आमच्या लोकांना सांगणार आहे."

फॅरोने डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"मी काहीच ऐकलं नाही," तो म्हणाला.

"मग बरं झालं," बाई म्हणाल्या आणि परत फिरल्या.

त्याने तार कापली. दोन दिवसांनी पाटी गेली. एका दुपारी कुणी नसताना तो ओकची नवी फळी घेऊन आला आणि माझी तुटकी फळी काढून ती बसवली. लोखंडी स्क्रू वापरले. एमॉसने वापरले नसते, पण मी मन मोठं केलं.

मग एका सकाळी नॉर्मन आला. बाई माझ्यावर बसल्या होत्या, टॉवेल खांद्यावर, केस ओले. तो बाजूला टेकला.

"तू त्या दिवशी बोललीस ते बरोबर होतं, असं मी म्हणणार नाही," तो म्हणाला.

"नको म्हणूस."

"अंड्याचं आहे. घे." त्याने कागदात बांधलेलं सँडविच पुढे केलं. बाईंनी घेतलं. आमच्याकडे माफी मागायची ही पद्धत आहे.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी तीस माणसं माझ्यापाशी जमली. बाईंनी सगळ्यांना थांबवलं. "फाटकं लावायची, कुत्री बांधायची, हे तुम्हाला माहीत आहे. आज एक नवा नियम. मालक दिसले तर हात करायचा नाही. जाऊ का म्हणून विचारायचं नाही. आभार तर मुळीच मानायचे नाहीत."

"हे जरा उद्धट नाही का होणार?" शहरातून आलेल्या एका बाईने विचारलं.

"होणार," नॉर्मन म्हणाला. "हिने चाळीस वर्षं पोरांना आभार मानायला शिकवलं. आता म्हातारपणी चूक दुरुस्त करतेय."

सगळे हसले. बाई नाही हसल्या.

याला आता तीन वर्षं झाली. ॲग्नेसबाई ब्याऐंशीच्या आहेत. गुडघा दुखतो, पाय पूर्वीसारखा उचलत नाही. मागच्या शरदात माझी खालची फळीही त्यांना उंच पडायला लागली. दोनदा त्या अलीकडे थांबल्या, पाय वर केला आणि पुन्हा खाली ठेवला. पलीकडे गडगा दुरुस्त करणारा फॅरो खाली मान घालून दगड रचत होता. त्याने एकदाही वर पाहिलं नाही.

त्यानंतरच्या सकाळी माझ्यापुढे एक चपटा दगड बसवलेला होता. नीट जमिनीत रुतवलेला, हलू नये म्हणून बाजूने खडे ठोकलेले. बाई आल्या, त्यांनी तो पाहिला. फॅरो वीस पावलांवर होता, पाठ करून. त्याच्या हातात दगड होता, पण तो कुठेच ठेवत नव्हता. बाईंनी दगडावर पाय दिला, मग माझ्यावर, मग पलीकडे. तिथे त्या थांबल्या. तोंड उघडलं. अख्ख्या जन्माची सवय त्यांच्या ओठांपर्यंत आली होती. डोळ्यांत पाणी आलं, तसं त्यांनी ओठ घट्ट मिटले, टॉवेल खांद्यावर सारखा केला आणि एक शब्द न बोलता त्याच्या पाठीमागून ओढ्याकडे चालू लागल्या. फॅरोनेही मागे वळून पाहिलं नाही. दोन माणसं एकमेकांचं इतकं भलं चिंततात आणि तरी इतकी गप्प राहतात, असं मी कधी पाहिलं नव्हतं.

मित्रांनो, तुम्ही कधी आमच्याकडे आलात, तर कुत्रं दोरीला बांधा. गडग्याचा दगड पडलेला दिसला तर उचलून परत ठेवा. उताणी मेंढी दिसली तर उभी करा, आणि तिचे पाय स्थिर होईपर्यंत धरून ठेवा. पण मालक दिसला तर बोलू नका. आभार आतल्या आत ठेवा आणि माझ्यावरून पुढे जा. सतरा वर्षं अजून बाकी आहेत. ॲग्नेसबाई आपल्या वाटणीचं चालतायत. बाकीचं तुमच्यापैकी कुणीतरी चालायला हवं.